ऑगस्टचा रकाना

हार्ड डिस्क निकामी होताना कधीकधी आवाज करते, हे शुभांगीबाई देवरेंना पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. त्या सकाळी तो आवाज त्यांनी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या स्वतःच्या घरात ऐकला. बंद दाराआडून कुणी अंगठीने लाकडावर ठोकावे तसा: टक, टक, टक, आणि मग काहीच नाही.

वेळ वाईट होती. त्यांचा शोधनिबंध छापायला घेण्यापूर्वी नियतकालिकाच्या संपादकांनी मूळ नोंदी मागितल्या होत्या, आणि सगळ्या नोंदी त्या डिस्कवर होत्या. भूशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या बाईंनी निवृत्तीनंतर एकच काम अंगावर घेतले होते: हरसूलकडचा नावाजलेला पाणाडी सावळीराम याची परीक्षा. सावळीराम तळहातावर नारळ आडवा धरून शेतातून चालायचा. नारळ उभा राहिला की म्हणायचा, इथे खोदा, पाणी लागेल. त्याने दाखवलेल्या जागी खोदलेल्या विहिरी एकीकडे, मालकांनी आपल्या सोयीने खोदलेल्या दुसरीकडे, आणि दोन्हींतल्या पाण्याची पातळी दर महिन्याला मोजायची, अशी योजना. सावळीरामने ती हसत मान्य केली होती. "मोजा की बाई. पानी काय माझं ऐकून खोटं बोलनार हाय?"

काही वर्षांच्या मोजणीचा निष्कर्ष निघाला की नारळाच्या विहिरी इतरांपेक्षा रतीभरही सरस नाहीत. गेल्या वर्षी बाईंनी तो हरसूलच्या ग्रामसभेत सर्वांसमक्ष वाचून दाखवला. तेव्हापासून सावळीरामला कुणी शेतात बोलवत नव्हते. बाजारात टवाळ पोरे त्याला विचारीत, "बाबा, नारळ केवढ्याला?" बाईंच्या कानावर ते आले होते. त्यांना वाईट वाटले. पण सत्याची किंमत कुणालातरी मोजावी लागतेच, असे त्यांनी स्वतःला समजावले होते.

शालिमारजवळच्या एका गाळ्यात राकेश नावाचा तरुण मेलेल्या डिस्कांतून माहिती काढून देत असे. त्याने डिस्क कानाशी धरून हलकेच हलवली.

"आवाज आल्यावर किती वेळा चालू करून बघितलीत, मॅडम?"

"पाच-सहा वेळा."

"तिथंच घात झाला. आवाज आला की वायर उपटायची. आत सुईनं तबकडी घासली जाते. बॅकअप असेल ना?"

"आहे," बाई म्हणाल्या, आणि खरे तेच सांगणे प्राप्त असल्याने पुढे म्हणाल्या, "याच डिस्कवर. दुसऱ्या फोल्डरमध्ये."

राकेश हसला नाही. असे उत्तर त्याला नवे नसावे. मुंबईला पाठवून उघडावी लागेल, खात्री नाही, एवढेच तो म्हणाला.

मोजणीचे काम संतोष करीत असे. तो बाईंचा विद्यार्थी, आता सातपूरच्या एका कारखान्यात तपासनीस. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर बाईंना विहिरीवर वाकणे जमेना, तेव्हा तोच म्हणाला होता, "मॅडम, मी जातो." महिन्याच्या एका रविवारी तो मोटारसायकलवरून हरसूलकडे जाई, विहिरींत टेप सोडी आणि संध्याकाळी बाईंकडे येई. चहा घेत तो मोबाइलवरून आकडे वाचायचा, बाई ते संगणकात भरायच्या. "नवसाबाईची विहीर, सहा दशांश चार... थांबा मॅडम, चार नव्हे, सात." गेल्या उन्हाळ्यात हे ऐकून बाई मनोमन सुखावल्या होत्या. चूक झाली तर जागच्या जागी दुरुस्त करणारा माणूस शिकवून तयार होत नाही, तो जन्मावा लागतो, असे त्या भेटेल त्याला सांगत.

डिस्कची बातमी ऐकून संतोषने फोनवर आधी काय काय गेले ते विचारून घेतले. मग म्हणाला, "टेन्शन घेऊ नका मॅडम. रविवारी सगळं आणून देतो."

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. याने आपली प्रत जपून ठेवली तर! शिष्य असावा तर असा.

रविवारी त्याने पेन ड्राइव्ह आणला. फाइल उघडली. गावे, विहिरी, महिने, सगळे जागच्या जागी. बाईंनी समाधानाने पाने खाली सरकवली, आणि सवयीने त्यांची नजर एका ऑगस्टवर गेली. त्या वर्षी हरसूलच्या घाटात दरड कोसळली होती. त्या दिवशी बाई स्वतः सोबत होत्या. दोघे भिजून परतले आणि बाईंनी त्या रकान्यात लिहिले, 'नोंद नाही'. वर संतोषला बजावले, "रिकामी जागा हीसुद्धा नोंदच असते, बरं का."

आता तो रकाना भरलेला होता. प्रत्येक विहिरीपुढे आकडा, दशांशासह.

"संतोष, या ऑगस्टला आपण घाटातून मागे फिरलो होतो."

त्याने पडद्याकडे पाहिले. "नंतर गेलो असेन मी."

"रस्ता महिनाभर बंद होता."

"मग पुढच्या महिन्याचं चुकून इथं आलं असेल."

"पुढच्या महिन्याचे खाली आहेत. वेगळे आहेत." बाईंचा आवाज चढला नाही. "हे आकडे कुठून आणलेस?"

"मॅडम, तुमचं काम अडायला नको म्हणून..."

"कुठून?"

"भरले." त्याने कप खाली ठेवला. "अंदाजानं. माझ्याकडं प्रत नव्हतीच. विहिरी काय पळून जातात मॅडम? उन्हाळ्यात खाली, पावसाळ्यात वर. इतकी वर्षं केल्यावर हाताला सवय होते."

"कशाची सवय?"

तेव्हा कुठे आपण काय बोलून गेलो हे संतोषच्या ध्यानात आले.

"शिफ्ट बदलली," तो अखेर म्हणाला. "आरोहीचा जन्म झाला, रविवारी ओव्हरटाइम लागला. तुम्हाला नाही म्हणवेना. तुम्ही एवढ्या विश्वासानं..."

"कधीपासून?"

"सुरुवातीचे सगळे खरे आहेत, आईशप्पथ."

"कधीपासून, संतोष?"

"नक्की नाही आठवत. मधूनमधून जायचोही."

"आणि ते 'चार नव्हे, सात'?"

त्याने वर पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती, पण लबाडी नव्हती. तेच अधिक असह्य होते.

"ते तुम्हाला आवडायचं, मॅडम."

दारापर्यंत गेल्यावर तो थांबला. "निष्कर्ष तर बरोबरच आहे ना? नारळानं कुठं पाणी सापडतं? तुम्हीच शिकवलंत."

बाईंनी दार लावून घेतले. त्याचे शेवटचे वाक्य मात्र आतच राहिले. त्याने मनाला येतील ते आकडे भरले नव्हते. बाईंना कोणते हवेत ते ओळखून भरले होते. त्यांचेच मत त्यांना महिन्याच्या महिन्याला, चहाबरोबर परत मिळत होते, आणि त्या त्याला पुरावा म्हणत होत्या. कुणाही भोंदूच्या भक्ताची जी गत होते तीच त्यांची झाली होती. फरक इतकाच की त्यांचा भक्तिभाव तक्त्यात मांडलेला होता.

आता आशा एकच होती. मूळ फाइल हाती आली असती तर खरे कुठे संपते आणि खोटे कुठे सुरू होते, ते कदाचित ताडून पाहता आले असते. त्या आठवड्यात राकेशचा फोन आला.

"सॉरी मॅडम. तबकडी पार खरवडली गेलीय. काहीच निघणार नाही."

म्हणजे खोट्याबरोबर खरेही गेले. डिस्कला मात्र त्यांनी दोष दिला नाही. जाताना तिने आवाज तरी केला होता.

शोधनिबंध मागे घेत असल्याचे संपादकांना कळवून बाई आठवडी बाजाराच्या दिवशी हरसूलला गेल्या. सावळीराम नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पोते पुढ्यात घेऊन बसला होता.

"या बाई. नागली देऊ?"

"बाबा, तुमचा नारळ चुकतो असं मी सभेत म्हणाले होते. ते शब्द मागे घ्यायला आले."

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. "म्हंजे खरा हाय नारळ?"

"तेही नाही सांगता येत. मोजणीच खोटी निघाली. माझ्याच माणसानं घरी बसून आकडे लिहिले."

"तो मोटारसायकलवाला? तो तर कवाचाच येत नाय." सावळीरामला याचे नवल वाटलेले दिसले नाही. "आमाला वाटलं, आता कम्प्युटरच मोजतो नाशकातून."

बाईंनी हात जोडले.

"मला एकट्याला काय सांगता?" तो म्हणाला. आता त्याच्या आवाजाला धार होती. "तवा तर भर सभेत बोलला होता."

"सभेतच सांगेन. येत्या ग्रामसभेत, सगळ्यांसमोर."

"आन् मंग?"

"मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. तुमची तयारी असेल तर."

"कोन मोजनार?"

"मी."

त्याने बाईंच्या गुडघ्यांकडे पाहिले. "लय वाकाया लागतं, बाई." पण तो उठला, पोते शेजारणीच्या हवाली केले आणि वाट दाखवायला पुढे झाला.

सर्वांत जवळची विहीर नवसाबाईची. बाईंनी पिशवीतून टेप काढला आणि करवंदीच्या जाळीपाशी सावळीराम थांबला तिथे त्याही थांबल्या. समोर विहीर नव्हती. दगडमातीने भरलेला एक खळगा होता आणि त्यात गवत कमरेइतके वाढले होते.

"काठ ढासळून बुजली," तो म्हणाला. "दोन पावसाळं झालं. तुमाला नाय सांगितलं त्यानं?"

टेपचे टोक हातात धरून बाई गवताकडे पाहत राहिल्या. सहा दशांश चार. थांबा मॅडम. चार नव्हे, सात.