नऊ भोकांची स्टेपनी

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीची स्टेपनी आहे. गाडीच्या डिकीत जे जादा चाक निजून असतं ना, ते मी. मधलं मोठं भोक सोडलं तरी माझ्या पोटाला आणखी नऊ भोकं आहेत. ती पाहून लोक तोंडात बोटं घालतात. घालोत बापडे. चाळणीकडे इतक्या कौतुकानं कुणी पाहत नाही, पण चाकाची चाळणी केली की माणसांना तो चमत्कार वाटतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पोलादी पत्रा दाबून आम्हा पाच बहिणींना एकाच साच्यातून काढलं. प्रत्येकीला चार भोकं, सारख्या अंतरावर, केसाचाही फरक नाही. गाडीच्या पुढच्या हबावर, म्हणजे चाक जिथं बसतं त्या भागावर, चार बोल्ट आणि मागच्या हबावरही तस्सेच चार. पुढचं चाक मागे लागावं, मागचं पुढे लागावं आणि पाचवं अडीअडचणीला कुठेही लागावं, एवढी साधी अक्कल त्या कारखान्यातल्या लोकांना होती. पुढे मी ज्यांच्या हाती पडले त्यांना ती नव्हती.

आमची काळी, गोल नाकाची गाडी वैजापूरच्या नानासाहेबांच्या वडिलांनी एका साहेबाकडून घेतली आणि नंतर ती नानासाहेबांकडे आली. नानासाहेब बॉनेट दिवसातून तीनदा पुसायचे. बॉनेटमध्ये मिशी दिसते. चाकात मिशी दिसत नाही, मग चाकाकडे कोण पाहतो? आमच्यात हवा किती आहे, हे त्यांनी आयुष्यात कधी विचारलं नाही.

एकदा पिशोरहून येताना त्यांनी गाडीत नऊ पाहुणे आणि मक्याची दोन पोती भरली. मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आस, मोडला. वैजापूरच्या एका गॅरेजवाल्यानं भंगारातल्या जीपचा अ‍ॅक्सल कापूनकुपून तिथं बसवला आणि जीपचीच दोन चाकं त्याला लावली. ती पाच बोल्टांची होती, आणि ते बोल्टही मोठ्या वर्तुळावर. माझ्या मागच्या दोन बहिणी कुठल्याशा हातगाडीला लागल्या. आता पुढे चार बोल्ट, मागे पाच, आणि डिकीत मी, चार भोकांची. गाडी चालू झाली म्हणून नानासाहेबांनी पेढे वाटले.

मग जे व्हायचं तेच झालं. सासुरवाडीच्या कार्याला जाताना लासूरच्या पुढं मागचं चाक पंक्चर झालं. मला बाहेर काढलं, हबाला लावून पाहिलं, फिरवून पाहिलं, लाथ मारून पाहिली. चार भोकांत पाच बोल्ट कसे जाणार? कडक इस्त्रीचे कपडे घातलेले नानासाहेब तीन तास उन्हात बसले आणि शेवटी कांद्याच्या टेम्पोतून सासुरवाडीला पोचले. मेहुण्यांनी ती गोष्ट गावभर केली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस.

पण त्या दिवसाचा राग माझ्यावर निघाला. नानासाहेबांनी मला उचललं आणि औरंगाबादला, मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या कडुबा मिस्त्रीच्या वर्कशॉपात नेऊन टाकलं. कडुबानं नुकतंच तिथं लेथ आणि ड्रिल मशीन टाकलं होतं. त्यानं मला टेबलावर आवळलं, खडूनं मोठं वर्तुळ आखलं आणि माझ्या चार भोकांभोवती आणखी पाच भोकं पाडली. एक नवं भोक एका जुन्या भोकाच्या इतकं जवळ आलं, की दोघांच्या मध्ये नखाएवढीच पट्टी उरली. जीपचा हब जाडा, म्हणून माझं मधलं भोकही कातून मोठं केलं. त्यामुळे मागे मी जेमतेम बसायचे आणि पुढे सैल पडायचे. कडुबा हे सगळं खाली मान घालून, एक अक्षर न बोलता करत होता. मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. हाताला एवढं वळण, आणि डोक्यात भुसा!

त्यानंतर माझ्या कौतुकाला ऊत आला. दारात पाहुणा आला की नानासाहेब डिकी उघडून मला अंगणात उभं करायचे. "एकच चाक, पुढंबी चालतं, मागंबी चालतं! आपली कल्पना आणि कडुबाचा हात!" लोक माना डोलवायचे. ज्याला घरच्या सायकलचं पंक्चर काढता येत नाही, तोही माझी भोकं मोजून "वा!" म्हणायचा. कडुबाचंही नाव झालं. नऊ भोकंवाला मिस्त्री म्हणून लोक त्याचा पत्ता विचारत यायचे.

काम म्हणाल तर मी मागे एकदा धावले आणि पुढे एकदा. पुढे धावले तेव्हा स्टेअरिंग असं थरथरत होतं की नानासाहेबांचे दात वाजत होते. त्यांनी रस्त्याला दोष दिला. त्याच दिवशी माझ्या त्या नखाएवढ्या पट्टीला तडा गेला. कुणाला दिसला नाही, कारण दर दिवाळीला मला चंदेरी रंग फासायचे. पुढची तीस वर्षं मी डिकीत तो तडा पोटाशी धरून पडून राहिले.

आता यंदाची गोष्ट. नानासाहेब ऐंशीला टेकलेत. त्यांचे चिरंजीव शिवराज शहरात राहतात आणि जुन्या गाड्यांचे शौकीन म्हणवतात. शौक म्हणजे काय, तर गाडीला टेकून फोटो काढायचे. त्यांच्या मुलीचं, मोनिकाचं लग्न ठरलं. नवरी स्वतः ही गाडी चालवत मंडपात येणार, असं ठरलं आणि पत्रिकेवर गाडीचं चित्रही छापलं. लग्नाला चार दिवस उरले असताना शिवराजरावांनी गाडी एका खड्ड्यात घातली आणि पुढचं चाक वाकवलं. वाकलं तर वाकलं, नऊ भोकांची स्टेपनी आहे ना! सगळं बिऱ्हाड मुकुंदवाडीला आलं. नानासाहेब, शिवराज, मोनिका आणि मी.

वर्कशॉप आता कडुबाची मुलगी विशाखा चालवते. तिनं डिप्लोमा केला आहे आणि लेथवर तिचा हात बापापेक्षा हलका आहे. कडुबा कोपऱ्यात स्टुलावर बसून चहा पीत होता. विशाखानं मला पाहिलं आणि इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही ते केलं. तारेच्या ब्रशानं रंगाचे सगळे थर खरवडले, रॉकेल लावलं, पुसून काढलं आणि वरून खडूची पूड चोळली. थोड्या वेळानं पांढऱ्या पुडीवर एक काळी रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर आलं होतं.

"हे चाक लागणार नाय," विशाखा म्हणाली.

"ताई, टेन्शन नका घेऊ," शिवराज म्हणाले. "पाच किलोमीटरचा तर मामला आहे. हळूच चालवंल ती. व्हिडिओ झाला की उतरवू."

"पुढचं चाक निखळलं तर स्टेअरिंग हातात राहत नाय. हळू चालवा नायतर जोरात."

"चालवणार मी आहे, पप्पा," मोनिका पटकन म्हणाली आणि त्या काळ्या रेघेवरून तिनं बोट फिरवलं. तिचा चेहरा उतरला होता.

नानासाहेबांनी काठी आपटली. "पोरी, हे कुणाचं काम हाय माहीत हाय का? तुझ्या बापाचं! अख्ख्या मराठवाड्यात असं दुसरं चाक नाय. बापाच्या कामाला नावं ठेवती का? कडुबा, सांग तिला."

सगळे कडुबाकडे पाहू लागले. त्याचं उत्तर मला पाठ होतं. माणूस आपल्या कौतुकाला कधी हात लावू देत नाही, हे मी तीस वर्षं डिकीत पडून शिकले होते. आता हा म्हातारा छाती फुगवणार, पोरीला दटावणार आणि मला त्या पुढच्या हबावर आवळणार. नाव त्याचं राहील आणि जीव मोनिकाचा जाईल.

विशाखानं हात पुसले. "बाबा, किती लोक आले तुमच्याकडं, आम्हालाबी तसलं चाक करून द्या म्हनले. तुम्ही एकालाबी केलं नाय. मशीन बंद हाय म्हनायचे, न्हायतर हात दुखतो म्हनायचे. का?"

कडुबानं कप खाली ठेवला.

"कारन ते करायचं नसतं," तो म्हणाला.

"मग माझं कसं केलं?" नानासाहेब गरजले.

"तुम्ही बोलावलं तवा तुमच्या अंगनात तीनदा नाय म्हनलो व्हतो, नानासाहेब. दोन स्टेपन्या ठेवा म्हनलो. ते नको तर मागचा अ‍ॅक्सल पुढच्यासारखा चार बोल्टांचा करून घिऊ म्हनलो. तुम्ही ऐकलं नाय. आन् मंग चारचौघांत म्हनले, 'कडुबा, तुला जमत नसंल तर तसं सांग, येवल्याहून मानूस आनतो.'" "म्या तवा नवा व्हतो. आमच्यातल्या एकानं मशीन टाकलं, हे लई जनांच्या पोटात दुखत व्हतं. 'ह्यांना काय जमनार' म्हनायला सगळे टपलेले. जमत नाय, हे माझ्या तोंडातून निघालंच नसतं. म्हनलो, जमतं. आन् जमवलं."

"मला आठवत नाय," नानासाहेब म्हणाले.

"मला रोज आठवतं."

मित्रांनो, मला हे ठाऊक नव्हतं. त्या वेळी मी डिकीत होते, अंगणातलं बोलणं मला ऐकू आलं नव्हतं. तीस वर्षं मी ज्याला बिनडोक समजत आले, त्याला मला हात लावण्याआधीच सगळं कळलेलं होतं. बिनडोक असता तर बरं होतं, निदान सुखानं झोपला असता. मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची तरी लाज वाटली, आणि ती माझी स्वतःची होती.

मोनिका म्हणाली, "आजोबा, मी लग्नाला दुसऱ्या गाडीनं जाईन." शिवराजराव पत्रिकेचं, लोकांचं, व्हिडिओवाल्याचं काहीबाही बोलत राहिले. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

विशाखानं नानासाहेबांना सांगितलं, "मागच्या अ‍ॅक्सलचे दोन्ही शाफ्ट नवे करते, चार बोल्टांचे. जुन्या बाजारातून त्याच मापाची चाकं आना. पाचीच्या पाची सारखी करू. तीन आठवडे लागतील."

नानासाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "बरं. कर. पण ही स्टेपनी मला दे, कडुबा. दिवाणखान्यात लावतो. आठवण म्हणून."

"नाय," कडुबा म्हणाला. "भिंतीवरची वस्तू कधी ना कधी कुनीतरी खाली काढतंच. आन् गाडीला लावून पाहतं."

हे त्यानं नानासाहेबांच्या डोळ्यांत पाहून सांगितलं.

कडुबानं मला उचलून दगडावर ठेवलं आणि गॅस कटर मागितला. "बाबा, मी कापते," विशाखा म्हणाली. "तू शाफ्टचं माप घे," त्यानं सांगितलं. "भोकं म्या पाडलीत." त्यानं चष्मा चढवला. निळी ज्योत पेटली आणि नेमकी त्या नखाएवढ्या पट्टीवर आली.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे मागणं मागतात, की आम्हाला जपा, पुसा, अडगळीत टाकू नका. माझं तसलं काही मागणं नाही. मला जपू नका, माझा फोटोही काढू नका. एवढंच करा. हातातलं काम जाणणारा कुणी तुम्हाला म्हणाला, की हे करायचं नसतं, तर त्याला 'जमत नाही का?' असं विचारू नका. तो बिचारा जमवून दाखवील.