पूर्वेकडची भिंत

मिस्त्री आमच्या क्लबात आले ते डॉक्टरांच्या फोटोला नावं ठेवून.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, आमच्या क्लबाचे अध्यक्ष. आम्ही जेमतेम सात जण. मी औषधांच्या दुकानातला, पोस्टातून निवृत्त झालेल्या दोघी बहिणी, आणि असेच आणखी हौशी. फोटो फक्त काळे-पांढरे, तेही इमारती, डोंगर, पाणी यांचे. चौकटीत माणूस नको, हा डॉक्टरांचा नियम. एरवी फार गोड माणूस, पण नियमाच्या बाबतीत इतके कठोर, की दाढ काढतानासुद्धा तेवढे होत नसतील.

त्यांच्या दवाखान्यात ओल आली म्हणून गवंडी बोलावला होता. तेच हे मिस्त्री. साठीला टेकलेले, अंगाने काटक, बोलणं मोजकं. प्लास्टर खरवडता खरवडता ते थांबले आणि समोर टांगलेल्या न्यायालयाच्या फोटोकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, तुमची इमारत मागे कलंडलीय."

हा फोटो म्हणजे डॉक्टरांचा जीव की प्राण. "कुठे कलंडलीय?"

मिस्त्रींनी खिशातून ओळंबा काढला आणि फोटोच्या काचेवर धरला. दोरी सरळ, खांब तिरके. कॅमेऱ्याचं तोंड वर करून फोटो काढला की असं होतं हे डॉक्टरांना ठाऊक होतं, पण दहा वर्षांत कुणी बोललं नव्हतं. नाकाला मिरच्या झोंबल्याच. तरी माणूस दिलदार. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "रविवारी या आमच्यात. नुसती नावं ठेवू नका, काढून दाखवा."

आणि मिस्त्री खरंच आले. मुलीने नवा कॅमेरा घेतला होता, तिचा जुना गळ्यात अडकवून.

पहिले दोन महिने त्यांनी फारसं काही काढलंच नाही. आम्ही खटाखट बटण दाबत असू, हे भिंतींवरून हात फिरवत असत. धाकटी पोस्टवाली मला हळूच म्हणाली, "फोटो काढायला आलेत की रंगाचं माप घ्यायला?"

मग एका रविवारी आम्ही गावाबाहेरच्या जुन्या धान्यकोठारावर गेलो. त्याची पूर्वेकडची भिंत चार मजले उंच, एकही खिडकी नाही. उजाडताच कोवळं ऊन समोरून भिंतीवर आलं. सगळ्यांनी मनसोक्त फोटो काढले आणि आठ वाजता चहाला पळाले. मिस्त्रींनी कॅमेरा बाहेरसुद्धा काढला नाही. ते माझ्या स्कूटरवर मागे बसून आले होते, म्हणून मलाही थांबणं भाग होतं.

"काय झालं, मिस्त्री?"

"भिंत अजून उठली नाही."

"आणि उठणार कधी?"

"साडेबाराला. तुम्ही जा, औषधवाले. मी येतो चालत."

सात किलोमीटर! त्यांना टाकून कसा जाणार? बसलो सावली बघून. बायकोचे दोन फोन येऊन गेले, पोटात कावळे कोकलायला लागले. मिस्त्रींनी कॅमेऱ्याची तिपाई लावली, ओळंबा सोडून कॅमेरा सरळ केला आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

साडेबाराच्या सुमारास सूर्य भिंतीच्या रेषेत आला. उजेड आता समोरून नव्हता, भिंतीला घासत येत होता. सकाळी कोऱ्या कागदासारखी दिसणारी ती भिंत बघता बघता भरून गेली. तळापासून वरपर्यंत प्लास्टर करताना फिरवलेल्या थापीचे हजारो अर्धगोल फेर. मी आ वासून बघत राहिलो.

"आम्ही काम संपलं की दिवा असाच बाजूने धरतो," मिस्त्री म्हणाले. "समोरून उजेड मारला की सगळ्या भिंती शहाण्या दिसतात. हे बघा, इथे तिघं होते. फेर उजवीकडे वळतात ते दोघांचे. मधला पट्टा उलटा आहे ना? तो डावरा. आणि वर बघा, फेर आखूड झालेत. हात भरून आले होते बिचाऱ्यांचे. पण सोडलं नाही कुठे."

जेमतेम दहा मिनिटं हा खेळ चालला. मिस्त्रींनी त्यात तीन फोटो काढले. मी एकही नाही. मला ते सुचलंच नाही.

पुढच्या बैठकीत टेबलावर सगळ्यांचे फोटो मांडले होते. मिस्त्रींचा फोटो आला आणि सगळे टेबलावर वाकले. काळोखापासून चांदीपर्यंतच्या सगळ्या छटा त्या एका भिंतीत होत्या. भिंतीतले ते तिघं कोण ते मी सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

थोरली पोस्टवाली म्हणाली, "डॉक्टर, तुमचा नियम मोडला हो. यात तीन माणसं आहेत."

 वार्षिक प्रदर्शनात दारासमोरची मानाची जागा डॉक्टरांच्या फोटोची असे. त्या वर्षी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून आपला फोटो उतरवला आणि तिथे भिंत टांगली. मिस्त्रींच्या पत्नी आल्या होत्या. लोक थांबून थांबून बघत होते ते त्या कोपऱ्यातून न्याहाळत होत्या. मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं भिंती बांधल्या यांनी. घर बघायला लोक यायचे, भिंत बघायला आज पहिल्यांदा आलेत."

पुढे एका मोठ्या स्पर्धेत त्या फोटोला दुसरा क्रमांक मिळाला. मिस्त्री खूश, डॉक्टर मात्र खवळले. "दुसरा? परीक्षकांना डोळे आहेत की शर्टाची बटणं?"

आता मिस्त्रींनी इमारती सोडल्यात. म्हणाले, भिंत मला येते, येतं तेच काय काढायचं? दर रविवारी डॉक्टर आणि ते डोंगरावर जातात. मिस्त्रींचे डोंगराचे फोटो अगदी सुमार येतात, शेणाच्या ढिगासारखे. परवा असाच एक माझ्यासमोर धरून ते मनापासून हसत होते.

"औषधवाले, याला ना कोपरा, ना पाया. सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही हो! डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं लागतील."

"मग?"

"मग काय, लागू देत की."