शाईची रेघ

“नऊ नंबर लिही, आबी! नऊ! वेळ कुठाय आता!”

तुंजाय होजा बाकापाशी उभा राहून ओरडत होता. प्रशिक्षकाला इथे लहानथोर सगळे होजाच म्हणतात आणि साफेतला आबी म्हणतात, म्हणजे मोठा भाऊ. साफेत क्लबचा कारकून. खेळाडू बदलायचा तर त्याने चिठ्ठी भरायची, सही करायची आणि रेषेबाहेर उभ्या असलेल्या चौथ्या पंचाच्या हातात द्यायची, हे गेली चोवीस वर्षं चाललं होतं. त्याने गुडघ्यावर पुठ्ठा धरला आणि ‘येणारा’ या शब्दापुढे नऊचा आकडा काढला.

एक्क्याऐंशीवं मिनिट चालू होतं. पाहुणा चामोवाचा संघ एका गोलने पुढे होता. मोसमातला हा शेवटचा सामना, आणि सारीतेपे देमिरस्पोरला निदान बरोबरी हवीच होती. बरोबरी झाली तर तिसऱ्या लीगमध्ये तग धरायचा. हरलो, तर व्यावसायिक फुटबॉलमधून नाव कायमचं पुसलं जाणार आणि हौशी पोरांबरोबर मातीच्या मैदानांवर खेळायची वेळ येणार. रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यातल्या कामगारांनी पन्नास वर्षांपूर्वी हा क्लब काढला, तेव्हा जर्सीला रंगसुद्धा डब्यांचाच घेतला होता, तांबडा-तपकिरी. कारखाना बंद होऊन सात वर्षं झाली. गावात आता कारखान्याचं म्हणून काही उरलं असेल तर हा रंग.

नऊ नंबरचा ओक्ताय बाकावरून उठला. पायाची शीर दुखावली होती म्हणून डॉक्टरने त्याला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त खेळवू नका असं बजावलं होतं, पण मोसमातले निम्मे गोल त्याच्याच पायातून आलेले. त्याने अंगातलं जाकीट काढलं मात्र, पलीकडच्या पत्र्याच्या स्टँडमधून असा काही गजर झाला की चामोवाच्या गोलरक्षकाने वळून बघितलं.

जर्सी सांभाळणारा रमीझ, साफेतचा जुना दोस्त, ओक्तायची कॉलर नीट करता करता हसून म्हणाला, “आज बर्फ नाहीये बाबा, नाहीतर पुन्हा फेकशील कुणाच्या तरी टाळक्यात!”

बाकावरचे सगळे हसले. साफेतही हसला. आणि हसता हसता थांबला.

फेब्रुवारीत पाहुणे म्हणून गेले होते तेव्हाचा तो सामना. तासभर खेळ झाला आणि बर्फाने मैदान दिसेना. तेवढ्यात या गाढवाने गंमत म्हणून बर्फाचा गोळा करून मित्राला मारला, तो लागला रेषेवरच्या पंचाला, आणि मुख्य पंचाने त्याला पिवळं कार्ड दाखवलं. पाच मिनिटांनी सामना रद्द झाला आणि पुढे पंधरा दिवसांनी पहिल्यापासून पुन्हा खेळवला. चार पिवळी कार्डं झाली की पुढचा एक सामना बाहेर बसायचं. ओक्तायची तीन झाली होती, तिसरं गेल्याच रविवारी. पण बर्फातलं धरलं तर?

साफेतने खिशातली वही काढली. कार्डांचा सगळा हिशेब त्यात. महासंघाची यादी मोसम संपला की एकदाच फॅक्सने यायची. मधली मोजदाद ज्याची त्याने ठेवायची आणि चुकली तर ज्याची त्याने भोगायची. साफेतची पद्धत ठरलेली. शंका असेल ते पेन्सिलीने, खात्री झाली की शाईने, पट्टी धरून. फेब्रुवारीचं पान त्याने उघडलं. बर्फातल्या सामन्याच्या नोंदीवर आडवी रेघ होती. शाईची, पट्टी धरून मारलेली.

म्हणजे झालं की! धरायचं नाही. पण ही रेघ आपण कशावरून मारली? महासंघाला फोन केला होता, की नुसता करायचा ठरवला होता? पलीकडे कुणी बोललं होतं? बाई होती की बुवा? काही केल्या आठवेना. आठवत होता तो फक्त हिल्मी एफेंदी.

हिल्मी एफेंदी, म्हणजे हिल्मीराव, साफेतच्या आधीचा कारकून. चौऱ्याहत्तर साली धुक्यामुळे अर्ध्यावर थांबलेल्या सामन्यातलं एक कार्ड तो मोजायला विसरला. पुढच्या सामन्यात तोच खेळाडू उतरला, देमिरस्पोर जिंकला, गावात ढोल वाजले, आणि चार दिवसांनी निकाल फिरवून तीन-शून्य हार माथी मारली गेली. वरच्या श्रेणीचं दार तेव्हा जे बंद झालं ते झालंच. लोकांनी हिल्मीच्या घराच्या काचा फोडल्या. तो सकाळच्या गाडीने बायकोला घेऊन गेला तेव्हा फलाटावर एक कुत्रंही नव्हतं. कारखान्याच्या हत्यारखोलीत नोंदी ठेवणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या साफेतला दुसऱ्याच दिवशी त्याच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत बसून साफेतने चोवीस वर्षं एकच धसका घेतला होता. आपला हिल्मी होऊ नये.

“आबी! चिठ्ठी!” होजाने हात पुढे केला.

“होजा, याला उतरवू नका.”

“काय?”

“चौथं कार्ड असेल याचं. बर्फातलं. नक्की सांगता येत नाही, पण असेल. हा उतरला आणि चामोवानं तक्रार केली तर तीन-शून्य. बरोबरी करूनही गेलो आपण.”

होजाच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. “असेल म्हणजे? आठवडाभर काय झोपला होतास? वहीत काय लिहिलंय?”

“वहीत... धरायचं नाही असं लिहिलंय.”

“मग दे ना ती चिठ्ठी!”

ओक्ताय रेषेपाशी उड्या मारत दोघांकडे बघत होता. अख्खं स्टँड त्याच्या नावाने ओरडत होतं. चिठ्ठी दिली असती तर जबाबदारी होजाची, नशिबाची, महासंघाची, कुणाचीही झाली असती. साफेतने ती फाडली. सहीशिवाय पंच चिठ्ठी घेत नाहीत आणि सही त्याची एकट्याची.

“मी सही करणार नाही,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याचा त्यालाच ऐकू आला नसेल, पण होजाला कळलं. होजाने जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मग चौदा नंबरला पाठवलं. त्या बिचाऱ्याला नव्वदाव्या मिनिटाला मोकळा गोल मिळाला आणि त्याने चेंडू पत्र्यावर मारला. त्याचा आवाज किती तरी वेळ घुमत राहिला.

देमिरस्पोर खाली गेला.

*

सोमवारी साफेत पाव आणायला गेला तर रांगेतल्या बाईने तोंड फिरवलं. कहवाखान्यावरून जाताना आतली फाशांची खडखड थांबली. पण काचा कुणी फोडल्या नाहीत, कारण गावात दोन तट पडले होते.

“अरे, त्यानं वाचवलं आपल्याला! खेळवून हरलो असतो तर अब्रूही गेली असती,” असं एक म्हणायचा.

“डोंबल वाचवलं! खाली गेलोच ना? ओक्ताय असता तर चेंडू पत्र्यावर गेला असता का?”

“थांब, उद्या यादी येऊ दे. चार निघाली की तू त्याचे पाय धर.”

“आणि तीन निघाली तर?”

सगळं गाव मंगळवारच्या फॅक्सकडे डोळे लावून बसलं होतं. साफेतने महासंघाला सात वेळा फोन लावला. सहा वेळा लागला नाही, सातव्यांदा एका पोरीने ‘यादी उद्या निघतेच आहे, त्यात बघा’ म्हणून ठेवून दिला.

घरी बायकोने, पेरिहानने, त्याच्यापुढे मसुराचं सूप ठेवलं. त्याने चमचा बुडवला आणि तसाच धरून बसला.

“गार होतंय,” ती म्हणाली.

“पेरिहान, फेब्रुवारीत मी महासंघाला फोन केल्याचं घरी बोललो होतो का गं?”

“तू क्लबातलं घरी बोलतोस कधी?” ती समोर बसली. “शाईची होती ना रेघ?”

“हो.”

“तुझी शाईची रेघ कधी चुकलीय?”

“म्हणूनच तर,” साफेत म्हणाला. “चार निघावीत म्हणून देवाला हात जोडतोय मी. स्वतःची रेघ चुकलेली निघावी म्हणून! असला मेला कारकून पाहिलायस कुठे?”

पेरिहानने त्याच्या हातातला चमचा काढून घेतला, भरला आणि पुन्हा त्याच्या हातात दिला.

*

मंगळवारी तो आठलाच कचेरीत येऊन बसला. रमीझ जर्सी मोजायच्या निमित्ताने आला आणि न मोजता बसून राहिला. समोरच्या कहवाखान्यात खुर्च्या भरल्या होत्या. सगळ्यांची तोंडं कचेरीच्या दाराकडे. होजाही होता. ओक्ताय एकटाच बाहेर भिंतीला टेकून सूर्यफुलाच्या खाऱ्या बिया सोलत उभा होता.

अकरा वाजता मशीन गुरगुरलं. कागद इंचाइंचाने बाहेर येऊ लागला. आधी शिक्का, मग संघांची नावं. साफेत उठला नाही.

“वाच तू,” तो रमीझला म्हणाला.

“माझा चष्मा नाहीये.” चष्मा त्याच्या कपाळावर होता.

शेवटी साफेतनेच कागद फाडून घेतला. सारीतेपे देमिरस्पोर. बोट एकेका नावावरून खाली आलं. ओक्ताय. पुढे आकडा. त्याने कागद खिडकीजवळ नेला, मग पुन्हा टेबलाशी आणला.

तीन.

त्याला एकदम आठवलं. बुवा होता. खोकत होता. ‘पहिल्यापासून खेळवलात ना, मग आधीचं काही धरू नका,’ असं खोकता खोकता म्हणाला होता, आणि साफेतने पट्टी शोधायला ड्रॉवर उघडला होता. आता काय उपयोग!

“किती?” रमीझने विचारलं, आणि साफेतचा चेहरा बघितला. मग उठून त्याने दार लोटलं. “साफेत, ऐक माझं. कागद अडकला म्हण. फाटला म्हण. शेगडी आहे ती. पुढल्या वर्षी या यादीला कोण विचारतंय? लीगमध्येच नाही आपण. तू तोंड उघडू नकोस, मी तर आंधळाच आहे.”

साफेतने शेगडीकडे बघितलं. खोटं कशाला सांगा, बराच वेळ बघितलं. हिल्मी एफेंदीला अशी शेगडी कुणी दाखवली नव्हती. दाखवली असती तर त्याने काय केलं असतं?

मग त्याने ड्रॉवरमधून शिक्का काढला, कागदावर तारीख उठवली, खाली सही केली. महासंघाचा कागद आला की शिक्का, सही आणि तासाभरात दाराबाहेरच्या फळ्यावर. चोवीस वर्षांत एकही कागद यातून सुटला नव्हता.

“वेडा आहेस तू,” रमीझ रडवेला होऊन म्हणाला. “खातील तुला हे लोक.”

“टाचण्या दे.”

तो बाहेर आला. कहवाखान्यात कुणीतरी खुर्ची सरकवली. साफेतने रस्त्याकडे पाठ करून कागद फळ्यावर धरला, डोळ्यांच्या उंचीवर, म्हाताऱ्यांनाही वाचता यावा असा, आणि चार कोपऱ्यांत चार टाचण्या मारल्या. मग बाजूला सरून तिथेच उभा राहिला.

माणसं रस्ता ओलांडून आली. पुढच्याने वाचलं, मागच्याला जागा दिली. होजा आला, वाचलं, साफेतकडे एकदा बघितलं आणि टोपी घालून निघून गेला. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. हळूहळू गर्दी पांगली.

सगळ्यांत शेवटी ओक्ताय आला. त्याने आपल्या नावावर बोट ठेवलं, ते आकड्यापर्यंत नेलं आणि तसंच ठेवलं. बोट मिठाने पांढरं झालेलं होतं.

“आबी,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “पाय दुखत होताच माझा. मी उतरलो असतो तरी गोल झाला नसता बहुतेक.”

साफेतने त्याच्याकडे बघितलं. हे वाक्य त्याला हवं होतं, दोन दिवस भुकेल्यासारखं हवं होतं.

“झाला असता,” तो म्हणाला. “तू मारला असतास.”

खालच्या कोपऱ्यातली टाचणी सैल झाली होती आणि कागद वाऱ्याने उचलला जात होता. साफेतने ती अंगठ्याने दाबून पक्की बसवली.