पंचफुलाचे भोपळे

मित्रांनो, शिरूर अनंतपाळच्या वाटेवर मांजरा नदीचा पूल लागतो. त्या पुलाखाली, विहिरीजवळच्या बाभळीला टेकून एक जुनी अरुंद होडी पालथी पडली आहे. ती मी. आता सरडे आणि मुंग्या सोडून माझ्याकडे कुणी फिरकत नाही. पण पुलावरून भुर्रकन निघून जाण्याआधी माझी हकिगत ऐका.

बहात्तरच्या दुष्काळात काठावरचे आंब्याचे झाड वाळले आणि व्यंकटी भोई त्याचे खोड कोरत बसला. कोरड्याठाक नदीकाठी होडी करणारा माणूस पाहून गाव पोट धरून हसले. खोडच बारीक, म्हणून मीही अरुंद निपजले. दोन माणसे शेजारी शेजारी बसू शकत नव्हती.

व्यंकटीची बायको पंचफुला. भांडी धुतलेले पाणी घालून तिने अंगणात कडू भोपळ्याचा एकच वेल जगवला. त्याचे चार भोपळे तिने वाळवले, पोखरले, त्यांत ज्वारीचे बियाणे भरले आणि तोंडे शेणाने लिंपून टाकली. नदीपलीकडच्या तुकड्यात पेरायला त्यांच्याकडे तेवढेच बी उरले होते. घरात चूल पेटली नाही त्या दिवशीही तिने भोपळ्यांना हात लावला नाही.

पुढच्या वर्षी नदीला पाणी आले आणि माझी फजिती सुरू झाली. व्यंकटी नुसता शिंकला तरी मी कलंडायची. तेव्हा त्याला विहिरीवरची पोरे आठवली. आमच्याकडे पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधतात. तसेच भोपळे माझ्या दोन्ही अंगांना बांधावेत, असे त्याच्या मनात आले. पण गावातले बाकीचे वेल दुष्काळात जळून गेले होते. भोपळे होते ते फक्त पंचफुलाकडे.

तिच्या माहेरी रिवाज होता, की बियाण्याचा भोपळा पेरणीच्या दिवशी बांधावर बसूनच उघडायचा, त्याआधी नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "बी हाय त्यात. पेरणी होऊ द्या, मग बांधा की."

व्यंकटीला ते पटले. तोवर माझे डोलणे थांबावे म्हणून त्याने माझ्या तळाशी नदीतले गोल गोटे भरले. मी पाण्यात खोल बसले आणि हलायची थांबले. दोघे खूश झाले. मलाही वाटले, चला, आपण सुधारलो.

पेरणीच्या सकाळी पंचफुला चारही भोपळे पदराखाली धरून माझ्यात बसली. भर धारेत पाण्याचा एक लोंढा आदळला, मी जराशी कलले, आणि तळाचे सगळे गोटे गडगडत एका अंगाला गेले. मग मला सावरताच आले नाही, मी उलटले. व्यंकटी पट्टीचा पोहणारा होता, पण गढूळ पाण्यात ती त्याला दिसेना. भोपळे तिच्या मांडीवरून सुटून पुढे तरंगत निघाले होते. तिने हात लांब केला होता. तो पुरला नाही.

भोपळे खालच्या वळणावर काठाला लागले. आतले बी कोरडे होते. पंचफुला दुसऱ्या दिवशी सापडली.

व्यंकटीने ते बी पेरले. मग त्याने मला नदीतून ओढून काढले, गोट्यांचा नाद सोडला, माझ्यावर दोन बांबू आडवे बांधले आणि त्यांच्या चारही टोकांना रिकामे भोपळे बांधले, पाण्याला टेकतील असे. मी ज्या अंगाला कलायची, त्या अंगाचे भोपळे पाण्यात दबायचे आणि मला पुन्हा वर लोटायचे. इतके साधे काम होते ते.

त्यानंतर माझ्यातून कुणी पडले नाही. बाजाराला जाणाऱ्या बाया, नव्या नवऱ्या, तापाने फणफणलेली लेकरे, सगळी मी पैलतीरी नेली. पाण्याला भिणाऱ्या दुकानवाल्या सिद्धम्माही डोळे मिटून का होईना, बसू लागल्या. व्यंकटीच्या युक्तीचे सगळे कौतुक करत. कौतुक सुरू झाले की तो मान खाली घालून वल्हे मारत राही.

पुढे लातूर जिल्हा झाला. सडक आली, पूल आला, पुलावरून एसटी धावू लागली. व्यंकटीने मला इथे पालथी घातली आणि काही वर्षांनी तोही गेला. उन्हाने तीन भोपळे तडकले. एक मात्र माझ्या बांबूला तसाच राहिला.

परवा व्यंकटीची मुलगी नागुबाई आली. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. तिने तो भोपळा सोडवला आणि विहिरीच्या काठावर आपल्या लेकीच्या पाठीला करकचून बांधला. लेक भीत होती. नागुबाई गाठ ओढत तिला म्हणाली, "तुझ्या आजीचा हाय ह्यो. तिच्या हाताला लागला न्हाई. तुला आधीच बांधायलेय मी."

मित्रांनो, ज्याला जपायचे त्याला पाण्यात उतरण्याआधीच आधार बांधा. पेरणी झाल्यावर बांधू, असे म्हणू नका. माझ्या अंगावर आता एकही भोपळा नाही, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. विहिरीतून त्या पोरीचे पाय मारणे ऐकू येते. ती वर येईपर्यंत मी ऐकत पडून राहते.