नाकसाहेबांचा शेरा

"हे बूच एकदा काढून परत बसवलेलं आहे," असं म्हणून नाकसाहेबांनी अर्धी रिकामी बाटली काउंटरवर ठेवली.

दुकानदाराने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. बूच हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, अंगठ्याने दाबलं.

"साहेब, बूच तर तुम्हीच काढलंय. आता मी यात काय बघू?"

"बाटली तीच, लेबल तेच. आतला माल दुसरा आहे. नुसतं आंबट पाणी."

"अहो, सीलबंद पेटी येते माझ्याकडे. बारा वर्षं हीच वाईन नेताय तुम्ही."

"म्हणून तर आलो. ही चौथी बाटली. तीन वेळा गप्प बसलो."

दुकानदाराने लगेच फळीवरून नवी बाटली काढून पुढे सरकवली. "ही न्या. बदलून देतो."

नाकसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. ज्याचा माल चोख, तो इतक्या तत्परतेने बाटली बदलून कशाला देईल? त्यांनी नव्या बाटलीला हातही लावला नाही. "बघतो मी काय करायचं ते," एवढंच बोलून ते पायऱ्या उतरले.

त्यांना नाकसाहेब म्हणायचे ते कचेरीत. शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं नोकरी करत होते. पाण्यातले क्षार मोजायला यंत्रं होती, गढूळपणा मोजायला यंत्रं होती, वासाला मात्र माणसाचं नाक लागायचं. नमुन्याची बाटली किंचित कोमट करायची, झाकण काढायचं, हुंगायचं आणि नोंदवहीत शेरा लिहायचा. कुठल्या टाकीत शेवाळं धरलंय, कुठल्या नळात गटार झिरपतंय, हे नाकसाहेब यंत्राच्या आधी सांगत. खात्यात त्यांच्या शेऱ्याला कुणी आव्हान देत नसे.

वाईन त्यांच्या आयुष्यात आली ती एका विक्रेत्याच्या हातून. प्रयोगशाळेला काचसामान पुरवणाऱ्या त्या माणसाने निरोपाची भेट म्हणून एक बाटली दिली. यात काहीतरी डाव असणार, असं धरून नाकसाहेबांनी ती तीन महिने कपाटाच्या तळाशी ठेवली. विक्रेता पुन्हा फिरकला नाही, काही मागितलंही नाही. मग एका रविवारी दुपारी एक स्क्रू आणि पक्कड घेऊन ते बूच उपसायला बसले. बायको दारात उभी राहून बघत होती.

"या वयात हे काय नवीन?" तिने विचारलं.

"तपासून बघतोय फक्त."

त्यांनी सवयीने आधी नाक पुढे केलं. पिकलेली जांभळं होती, पेन्सिल तासताना येतो तो वास होता, आणि त्याच्याही मागे जुन्या चामडी पाकिटासारखं काहीतरी. पेला धरून ते पाच मिनिटं तसेच बसून राहिले. आजवर या नाकाने फक्त खोट शोधली होती. काहीतरी चांगलं सापडावं म्हणून हुंगायचं असतं, हे त्यांना पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मग त्यांनी वही घातली. रंग, वास, चव, शेरा, अशी चार घरं. परगावी असलेल्या मुलीने सुट्टीत ती वही वाचली, खो खो हसली, आणि जाण्याआधी 'घोटभर' नावाचा ब्लॉग उघडून देऊन गेली. पहिली ओळ त्यांनी लिहिली होती, 'मला वाईनमधलं काही कळत नाही. पाण्यातलं कळतं.' लोकांना ती आवडली. कुठल्या द्राक्षाचा कुठला डोंगर, असलं भारदस्त काही तिथे नसायचं. 'हिला ओल्या पाटीचा वास आहे, उगाच मिरवते,' असं सरळ लिहिलेलं असायचं. कंपन्यांनी फुकट बाटल्या पाठवायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी एकूण एक परत धाडली. कुणाचंही मिंधं नसलेलं नाक, अशी त्यांची ख्याती झाली. पुढे पुढे दर शनिवारी चार-पाच हजार माणसं ते वाचू लागली.

दुकानात खटका उडाला त्या शनिवारी त्यांनी लिहिलं, 'बाटलीत काय आहे?' दुकानाचं नाव दिलं नाही. पण उतारावरचं, हिरव्या दाराचं, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या माणसाचं दुकान ओळखायला गावात कुणाला वेळ लागणार होता? खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला. 'मलाही संशय होताच.' 'मागच्या महिन्यात माझंही डोकं दुखलं होतं.' आठवडाभरात लोक बाटल्या परत घेऊन त्या दारात उभे राहू लागले. नाकसाहेब कचेरीतून येताना समोरच्या फुटपाथवरून हे बघायचे आणि झपझप पावलं उचलायचे.

पण एकदा संशय घरात शिरला की तो एका खोलीत थांबत नाही. दूध पातळ लागू लागलं, तेव्हा त्यांनी दूधवाल्याला दारात धरून झापलं. साबण बेचव झाला, म्हणजे बिनवासाचा झाला, तेव्हा बायकोने स्वस्तातला आणला असं त्यांना वाटलं. जेवताना ते ताट पुढे ढकलत.

"भाजीत काही घातलंयस की नाही?"

"अहो, रोज घालते तेवढंच घातलंय."

"मला न विचारता मसाला कमी केलायस. डॉक्टरने सांगितलं का तुला?"

बायको काही न बोलता ताट उचलायची. तेही त्यांना खटकायचं. खरं बोलत असती तर भांडली असती.

आणि मग एका मंगळवारी, प्रयोगशाळेत त्यांनी एका नमुन्यापुढे 'वास नाही' असा शेरा लिहिला आणि बाटली बाजूला ठेवली. वर्षभरापूर्वी लागलेली केमिस्ट पलीकडच्या टेबलावर होती. ती उठून आली, तिने नाकाला रुमाल लावला.

"सर, हा कुठला नमुना? सरळ गटार येतंय."

"मी बघितलाय तो."

"सर, प्लीज एकदा परत बघा ना. मला इथपर्यंत येतोय वास."

नाकसाहेबांनी बाटली उचलली. खोल श्वास घेतला. मग तिच्याकडे बघितलं. बाटली बदलली असेल का हिने? आपण निवृत्त व्हायला तीन वर्षं उरलीत, आणि ही खुर्ची हिलाच मिळायची आहे. पण तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं होतं, आणि खिडकीपाशी बसलेल्या कारकुनाने आपणहून उठून खिडकी उघडली.

"अर्धी रजा टाकतो," ते म्हणाले. "तो शेरा खोडा. तुम्ही लिहा."

ते घरी आले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. बायकोला त्यांनी स्वयंपाकघरात बोलावलं.

"पाच पेले घे. एकात साधं पाणी, एकात कॉफी, एकात गुलाबपाणी, एकात रॉकेल, एकात माझी वाईन. सगळ्यांवर फडकं टाक. कुठल्यात काय ते मला सांगू नकोस."

"हे काय चाललंय?"

"घे म्हणतो ना."

ते बाहेरच्या खोलीत डोळे मिटून बसले. तिने एकेक पेला फडक्यासकट नाकाखाली धरला. पहिला. दुसरा. तिसरा. पाचवा झाल्यावर त्यांनी डोळे उघडले, आणि त्यांचा आवाज चढला.

"पाचही पेल्यांत पाणीच भरलंयस तू. थट्टा करतेस माझी?"

त्यांनी हात पुढे करून तिच्या हातातल्या पेल्यावरचं फडकं ओढलं. काळी कॉफी होती. घोटभर सांडली त्यांच्या विजारीवर.

मग बायको खुर्चीच्या कडेवर टेकली.

"मागच्या महिन्यात दूध करपलं," ती म्हणाली. "घरभर करपट वास सुटला होता. मी गच्चीतून धावत आले, तर तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत होता. मला वाटलं, मुद्दाम उठला नाहीत. माझ्यावर कसला तरी राग काढताय. चार दिवस मनात ठेवलं मी ते."

"विचारायचंस ना."

"तुम्ही तरी कुठे काय विचारलंत? नुसतं धरून चाललात."

डॉक्टरने हिशेब जुळवून दिला. तीन महिन्यांपूर्वी नाकसाहेबांना आलेला आठ दिवसांचा ताप, मग चोंदलेलं नाक, मग हे. नस दुखावली आहे, वास परत येईल किंवा येणार नाही, वर्षभर वाट बघा. जिभेला आंबट, गोड, कडू, तुरट कळत राहील. बाकी सगळं, ज्याला लोक चव म्हणतात ते, नाकाचं होतं.

दुसऱ्या दिवशी नाकसाहेब मुख्य अधिकाऱ्यांच्या खोलीत गेले आणि उभ्यानेच बोलले. "गेल्या तीन महिन्यांतले माझे वासाचे सगळे शेरे रद्द धरा. त्या सगळ्या ठिकाणचे नमुने पुन्हा घ्यावे लागतील." अधिकारी खुर्ची दाखवत राहिले. ते बसले नाहीत. नोंदवही त्यांनी स्वतः केमिस्टच्या टेबलावर नेऊन ठेवली.

शनिवारी 'घोटभर'वर चार ओळी आल्या. दुकानाची वाईन चोख होती. खोट माझ्या नाकात होती. मी न तपासता लिहिलं, त्या माणसाची माफी मागतो. यापुढे इथे शेरे येणार नाहीत.

प्रतिक्रिया तासाभरात सुरू झाल्या. 'किती पेट्यांवर मिटलं, काका?' 'शेवटी हेही विकले गेले.' 'नाकाचं निमित्त बरं सापडलं.' नाकसाहेब एकेक वाचत गेले. त्यांना राग आला नाही. बारा वर्षं ते लोकांना हेच शिकवत आले होते, की कुणी चांगलं म्हणालं तर आधी त्याच्या हातात काय पडलंय ते बघा.

सोमवारी ते उतारावरच्या दुकानात गेले. आत गिऱ्हाईक नव्हतं. दुकानदार फळ्या पुसत होता. त्याने वळून पाहिलं आणि फडकं तसंच हातात धरून ठेवलं.

"आता काय राहिलं, साहेब?"

"तुम्ही वाचलंत?"

"वाचलं. लोक म्हणतात, मीच लिहून घेतलं तुमच्याकडून. खरं सांगू? पहिल्यांदा मलाही वाटलं की यात काहीतरी गोम आहे. तुम्ही असं लिहाल, पटेना."

"नाक खरंच गेलंय."

दुकानदाराने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग आत जाऊन दोन पेले आणले, त्याच वाईनची एक बाटली काढली आणि बूच उपसलं. नाकसाहेबांनी आधी बाटलीचे पैसे काउंटरवर ठेवले, मगच पेला उचलला.

"कशी आहे?" दुकानदाराने विचारलं.

"आंबट. किंचित तुरट." नाकसाहेबांनी घोट गिळला. "मला एवढंच कळतंय. पुढचं तुम्ही सांगा."

दुकानदाराने पेल्यात नाक घातलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग ओशाळून हसला.

"मला कुठे सांगता येतं, साहेब? मी तर तुमचंच वाचून गिऱ्हाइकांना सांगायचो."

तेवढ्यात दार उघडलं. खांद्याला पिशवी लावलेली एक बाई आत आली. दोघांना पेले हातात घेऊन उभं बघून ती जरा अडखळली, मग काउंटरवरच्या उघड्या बाटलीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "ही कशी आहे हो?"

दुकानदाराने नाकसाहेबांकडे पाहिलं.

नाकसाहेबांनी पेला खाली ठेवला आणि बाईला पुढे येऊन स्वतःच हुंगता यावं म्हणून ते काउंटरपासून दोन पावलं बाजूला झाले.