खोट दाखवायची, सुधारायची नाही

धाकट्या सुनेने नऊ वर्षं स्वतःचं शिवणाचं दुकान चालवलं आणि एके दुपारी कुलूप लावून घरी आली. रडली नाही, कुणाच्या नावाने बोटंही मोडली नाहीत. लोक तयार कपडे घ्यायला लागले होते. उरलं होतं ते चेन बदलायचं नि पँट आखूड करायचं काम. तेवढ्यावर दुकान चालत नाही, नुसतं उघडं राहतं.

आता तिला कपड्यांच्या कारखान्यात तपासणीची जागा हवी होती. मशीनवरची जागा कुठेही मिळाली असती, पण तिथे मान मोडून दिवसभर नुसत्या बाह्या जोडायच्या. जिने नऊ वर्षं अख्खा माणूस मापला, तिला उरलेलं आयुष्य बाह्यांत घालवायचं नव्हतं. मुलाखत गुरुवारी होती.

नणंद त्याच कारखान्यात माल बांधायच्या कामाला होती. सोमवारी येऊन तिने सगळं सांगितलं.

"बोलायला फार लावत नाहीत, वहिनी. दहा शर्ट पुढ्यात टाकतात. खोट दिसली की तिथे लाल बाण चिकटवायचा आणि पुढचा शर्ट घ्यायचा. हात लावायचा नाही."

"हात न लावता बघू कसं?"

"उसवायचं नाही, शिवायचं नाही, असं म्हणते मी. गेल्या खेपेला एक बाई आली होती, तुझ्यासारखीच दुकानवाली. तिने पर्समधून सुई काढून बटण घट्ट केलं. साहेबांनी तिला चहा पाजला आणि घरी पाठवलं."

धाकटी हसली नाही. तिचा हात आपसूक कॉलरपाशी गेला होता. तिथे तिची सुई टोचलेली असे.

"ती सुई इकडे दे," सासूबाई म्हणाल्या. "कात्रीपण आण. आणि दोरा दाताने तोडायची खोड आहे ना, ते दात गुरुवारपर्यंत झाकून ठेव."

मंगळवारी सासूबाईंनी कपाट उपसून टेबलावर ढीग घातला, धाकटीच्या हातात खडू दिला आणि स्वतः साहेब होऊन खुर्चीत बसल्या. नवऱ्याचा विकतचा शर्ट धाकटीने बघता बघता उलटासुलटा केला. काज तिरकं, खिसा उतरलेला, कॉलरचं एक टोक लांब. फुल्या पडत गेल्या, तसा तोंडाचा पट्टाही सुटला.

"हे शिवलंय का डकवलंय?"

"साहेबाला तुझं मत नकोय. फुली दे नि पुढे हो."

कफाला दोरा लोंबत होता. धाकटीचं तोंड खाली गेलं, तसा साहेबांनी तिच्या मनगटावर चमचा मारला.

ढिगाच्या तळाशी सासूबाईंचा निळा गाऊन होता. धाकटीने तो उलटला, सुलटला आणि बाजूला ठेवला.

"यात काही नाही."

"नीट बघ."

"मी शिवलाय तो, आई."

"म्हणूनच म्हणते, नीट बघ. आपला तो बाब्या."

धाकटी बघतच राहिली, तशा सासूबाई उठल्या, अंगावरच्या कपड्यावर गाऊन चढवला आणि उजवा हात वर केला. गाऊन हाताबरोबर वर गेला.

"मुंढा आवळतो, हा इथे काखेत. सहा वर्षं झाली, वरच्या फळीवरचा डबा मी डाव्या हाताने काढते."

"मग सहा वर्षं बोलला का नाहीत?"

"तुला? तुझी गिऱ्हाइकं तरी कधी बोलली? खुर्चीत बसलेल्या मालकिणीला कोण सांगायला जातं? माणूस गुपचूप दुसरं दुकान बघतं."

धाकटीने टेप लावला. उजवा मुंढा अर्धा इंच लहान होता. तिने पुन्हा मोजला. मोजून तो वाढला नाही.

"सुई द्या, आत्ता करून देते."

"नाही करायचं. फुली दे नि ठेव. परीक्षा हीच आहे."

ती फुली काढायला धाकटीला दहा शर्टांइतका वेळ लागला. गाऊन गुरुवारपर्यंत खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला, आणि येता-जाता ती दुसरीकडे बघत राहिली.

गुरुवारी साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "नऊ वर्षं स्वतःचं काम केलंत. डोक्यावर कुणी असलेलं जमेल?"

"घरी सासू आहे," ती म्हणाली.

साहेबांनी शर्ट पुढे सरकवले. धाकटीने दोन्ही हातांना मनातल्या मनात दटावलं आणि ती कामाला लागली. शेवटी अकरा बाण लागले.

"आम्ही सातच चुका ठेवल्या होत्या," साहेब म्हणाले. "हे चार उगाच. एवढं चालतं."

माझ्या दुकानात नसतं चाललं, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. दुकानात तिची नजर हाच कायदा होता. पण त्या कायद्याने अर्धा इंच खाल्ला होता, तो कुणी सांगेपर्यंत तिला दिसला नव्हता.

"किती चालतं?" तिने विचारलं. "तुमच्याकडे माप लिहिलेलं असेल तर दाखवा. मला माहीत नाही."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि भिंतीवरचा तक्ता काढून दिला. कॉलरला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, नि बाहीला दोन सूत फरक चालत होता. तिने चारही जागा मोजल्या आणि तीन बाण स्वतःच्या हाताने सोलून काढले. चौथा राहू दिला.

"ही बाही तीन सूत आखूड आहे. तुमच्याच तक्त्याने."

साहेबांनी टेप घेतला. एकदा मोजलं, मग शर्ट झटकून पुन्हा मोजलं.

"हा तर पास केलेल्या मालातला आहे," ते स्वतःशीच म्हणाले. मग तिला म्हणाले, "सोमवारी आठला या. पाच मिनिटांनी फाटक लागतं."

घरी सासूबाई दारातच होत्या.

"काय झालं?"

"सोमवारपासून जायचंय."

"चुकलीस कुठे?"

"तीन ठिकाणी."

"आणि ते?"

"एका."

सासूबाईंना हा आकडा काही रुचला नाही. "असू दे," त्या म्हणाल्या. "तुझ्या तुला दिसल्या. त्यांची मात्र तुला त्यांना दाखवावी लागली."