तिसऱ्या शिखराचं आडनाव

कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूत अणू दोनच. एक कार्बन, एक ऑक्सिजन, राजा-राणीचा संसार. क्ष-किरणांचा दणका देऊन अगदी आतल्या घरातला इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा आणि त्याची ऊर्जा मोजायची, की तो कुणाच्या घरचा ते कळतं. आलेखावर दोन शिखरं यायला हवीत. सरांच्या यंत्रावर तीन आली.

सरांनी तिसऱ्याला ताबडतोब स्वतःचं आडनाव दिलं. संचालकांना आमंत्रणही गेलं.

यंत्र चालवायची ती 'सहावी नापास'. पीएच.डी.चं सहावं वर्ष चालू, म्हणून हे नाव. तिचा प्रबंध सहीसाठी सरांच्या ड्रॉवरमध्ये आठ महिने झोपला होता.

"सर, तिसरं चारशे दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे. तिथं नायट्रोजन येतो," ती म्हणाली. "हवा शिरतेय आत."

"मग हवेतला ऑक्सिजन कुठं गेला? चहा प्यायला?"

"तो आपल्याच ऑक्सिजनच्या शिखराला चिकटून येतो. त्याच्या आड लपलाय."

"सहा वर्षांत एवढंच शिकलीस, शंका काढायला."

गळती कुठं आहे हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. गॅसच्या नळीच्या जोडात तांब्याची रिंग असते. एकदा आवळली की फेकायची. सर ती उलटी करून पुन्हा बसवायला लावत. "आमच्या काळात एका रिंगवर तीन प्रबंध निघाले," हे वर ऐकवत. कसले निघाले, ते विचारायची सोय नव्हती.

संचालक अकराला येणार होते. तिनं नऊलाच कोरी रिंग बसवली, नळी रिकामी केली, गॅस सोडला. शिखरं दोन.

साडेदहाला सर आले. पडद्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"तिसरं कुठंय?"

"गेलं. रिंग बदलली."

"जुनी आहे?"

"आहे."

"मग बसव की. अजून अर्धा तास आहे." तिनं हात हलवला नाही, तसा सरांनी ड्रॉवर उघडून प्रबंध टेबलावर ठेवला. पेनाचं टोपण काढलं. आवाजात साखर आली. "अगं, सही आजच करणार होतो मी."

सहा वर्षं. घरी आई रोज विचारायची, झालं का गं. तिनं प्रबंधाकडे नीट बघून घेतलं. मग जुनी रिंग आणि पाना त्याच्यावर ठेवला.

"तुम्हीच बसवा, सर. आडनाव तुमचं आहे."

सर पाना घेऊन जोडापाशी वाकले. संचालकांचे बूट दाराशी वाजले तरी ते तसेच वाकलेले होते. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ती दार उघडायला गेली.